गाव राखणारी

भूकंपात चर्च कोसळलं, तेव्हापासून गावची मेरीमाता ड्यूकच्या जुन्या राजवाड्यातल्या संग्रहालयात, काचेआड आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे तिकीट लागत नाही. त्या दिवशी नाझारेनो बायकोला घेऊन न चुकता येतो, टोपी काढून पाचशे वर्षांच्या त्या चित्रापुढे हात जोडतो. आर्मिदा मात्र चित्राकडे पाठ करून खिडकीशी उभी राहते.

"केवढं नशीब, आजी!" आज तिथली पहारेकरी मुलगी तिला म्हणाली. "एवढा भूकंप झाला, पण चित्रावर साधा ओरखडा नाही."

"कसा असेल?" आर्मिदा म्हणाली. "भूकंपापासून गाव राखते ना ती! पहिला धक्का बसला तसे गल्लीतले सगळे पुरुष तिलाच बाहेर काढायला धावले. सगळ्यांत पुढे हे. अंथरुणाला खिळलेली आमची लेक मला एकटीला उचलवली नाही."