दुसरं नाव

वादळाचा इशारा मच्छीमारांच्या मोबाइलवर पाठवणारा तो प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला होता. त्यात कुणीही बदल सुचवावा, पण दोघांनी वाचून होकार दिल्याशिवाय तो लागू होत नसे. मालवणात हे काम जाणणारी एकटी जान्हवी. दुसऱ्या होकारासाठी दिवसचे दिवस जात, म्हणून तिने मच्छीमार वडिलांच्या नावाने आणखी एक खातं उघडलं होतं.

"माका वाचूक खंय येता गो?" काशीराम हसले होते. "पण घाल माझा नाव."

नोव्हेंबरात वादळ आलं आणि इशारा पोचला दुसऱ्या दिवशी. कुणीतरी सुचवलेल्या बदलातल्या ज्या ओळीने तो अडवून ठेवला, ती जान्हवीला पाचव्या दिवशी सापडली. पाच दिवस किनाऱ्यावर बसून राहिलेली आई तिच्या मागे येऊन उभी राहिली.

"कोणी तपासल्यान ता? नाव सांग. मी त्याका जाब इचारतलंय."



पडद्यावर होकार देणाऱ्यांची दोन नावं होती. एक जान्हवीचं, आणि दुसरं अजून समुद्रावरून परतलं नव्हतं.