बाजूने सात

"ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि लेखनिकाने पेनाचे टोपण काढले.

नगरपालिकेच्या सभागृहात खुर्च्या सहा-सहा फुटांवर मांडल्या होत्या. तेरा सदस्यांपैकी नऊ जण मास्क लावून समोर बसले होते. उरलेले चार साठीच्या पुढचे. साथीच्या नियमाने त्यांना घराबाहेर पडायला मनाई होती, म्हणून ते भिंतीवरच्या पडद्यावर चार चौकटींत दिसत होते. मतदानापुरते त्यांचे आवाज लेखनिकाने बंद केले होते. मागच्या सभेत कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या आणि कुणाच्या तरी बायकोची मते इतिवृत्तात शिरता शिरता राहिली होती.

ठराव एका ओळीचा होता. तीन महिने बंद असलेली बाजारगल्ली उद्यापासून उघडावी. हाच ठराव दोनदा आपटला होता. दोन्ही वेळा बाजूने सहा, विरोधात सात. त्या सातांपैकी सहा जणांना गल्लीतले कुणी नावे ठेवत नव्हते, सगळा राग एकट्या मास्तरांवर होता. कारण बाकीच्यांचे गल्लीत काहीच नव्हते आणि मास्तरांच्या तर मुलाचेच दुकान होते.

मुलगा चपला-बूट विकायचा. आज तो व्यापाऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून कॅमेऱ्याच्या अगदी समोरच्या खुर्चीवर होता. दुकानातल्या बंद खोक्यांत चामड्याला बुरशी धरली होती. दोन्ही नोकर आपापल्या गावी निघून गेले होते. गाळामालकाने महिनाअखेरची मुदत दिली होती. आज ठराव पडला तर अठरा वर्षांचे दुकान गुंडाळायचे, यात आता शंका उरली नव्हती.

घरात बापलेकांचे बोलणे चाळीस दिवस बंद होते. "तुम्हाला घरबसल्या पेन्शन येते, बाबा. तुमचं काय जातंय?" असे तो एकदा बोलून गेला होता. मास्तरांनी ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सभेत विरोधातच हात वर केला. तेव्हापासून मुलगा वरच्या मजल्यावर, मास्तर खाली आणि आई जिन्यात. चार दिवसांपूर्वी मास्तरांना ताप आला. डॉक्टर साधाच म्हणाले, तरी मास्तरांनी स्वतःला कोपऱ्यातल्या खोलीत कोंडून घेतले. मुलाने आईकडे चौकशी केली, पण खाली उतरला नाही. राग होताच, आता निमित्तही मिळाले होते.

समोर पाच हात वर झाले. पडद्यावर एक. लेखनिकाने सवयीने सहा लिहिले.

तेवढ्यात तिसऱ्या चौकटीत मास्तरांचा हात वर गेला. सावकाश, पुरता वर, पंजा उघडा. सभागृहात कुजबुज झाली. कुणीतरी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मास्तरांचे ओठ हलत होते.

"मास्तर, भाषण नंतर," अध्यक्षबाई म्हणाल्या. दोन-चार जण हसले. "हात ठरावाच्या बाजूनेच ना? तेवढं सांगा."

मास्तरांची मान वरखाली झाली.

"धरा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

मुलाचा आधी विश्वासच बसला नाही. मग तो खुर्चीतून पुढे झुकला. म्हातारा सरळ त्याच्याकडेच बघत होता. आयुष्यभर एकदा बोललेला शब्द न फिरवणारा माणूस भर सभेत फिरला होता आणि तो कुणासाठी, हे सांगायची गरज नव्हती. मुलाने मास्क खाली ओढला. तो हसला. आपलाही हात त्याने वर केला आणि दोनदा मान हलवली. कळलं बाबा, सगळं कळलं, अशी.

विरोधात सहा हात वर झाले. मास्तरांचा तोवर खाली आला होता. लेखनिकाने सहाचे सात केले, खाली रेघ मारली आणि पडदा बंद केला.

मुलगा घरी न जाता गल्लीत गेला. बातमी त्याच्याआधीच पोहोचली होती. तो शटर वर करत असताना शेजारच्या भांडीवाल्याने त्याला लांबूनच हात जोडले. "तुझा बाप आमच्या पाठीशी उभा राहिला रे. आम्ही उगाच त्यांच्या नावाने बोटं मोडली." खिशातला फोन सारखा वाजत होता. अभिनंदनाचेच असणार म्हणून त्याने तो बंद करून टाकला. तासभर तो खोकी झाडत होता, बूट पुसत होता. मग वरच्या फळीवरून त्याने मऊ तळव्याचा आठ नंबरचा जोड काढला आणि नव्या खोक्यात घातला. आज जिना चढायचा नाही, आधी खालच्या दारावर टकटक करायची आणि माफी मागायची, हे त्याचे ठरले होते. दारातूनच मागावी लागली तरी चालेल.

घरासमोर डॉक्टरांची गाडी उभी होती. डॉक्टर हातमोजे काढत पायऱ्या उतरले आणि त्याला पाहून थांबले.

"मास्तर गेले," ते म्हणाले. "तास होऊन गेला. श्वासच पुरला नाही. दुखणं एवढं झपाट्याने वाढेल असं वाटलं नव्हतं."

आई कोपऱ्यातल्या खोलीबाहेर भिंतीला टेकून बसली होती. ती रडत नव्हती. मुलगा समोर येऊन उभा राहिला तेव्हा तिने वर पाहिले.

"मी पाणी घेऊन गेले तर ह्यांचा जीव घुसमटत होता," ती म्हणाली. "तुझा फोन लागेना. शेजारी हाक मारायला वळले, तर ह्यांनी हातानेच थांबवलं. म्हणाले, 'हात करून बोलावलंय त्याला. हसला माझ्याकडे बघून. निघालाच असेल.'"