दोन मिनिटं गप्प

अंथरुणाला खिळलेल्या वडिलांच्या हाताशी त्याने बेलचं बटण दिलं होतं. बटणाची वायर शेजारच्या खोलीत, त्याच्या लॅपटॉपच्या यूएसबीत; दाबलं की तिथे बेल वाजे. लॅपटॉपची बॅटरी भराभर उतरते म्हणून आज सकाळी त्याने त्यातल्या लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे सगळी यंत्रणा चालवणाऱ्या गाभ्याला, बजावलं: जे यूएसबी उपकरण दोन मिनिटं गप्प असेल, त्याची वीज तोड, खुशाल झोपव त्याला.

दुपारी बायको कामावरून आली. "बाबांची बेल नाही वाजली?"

"एकदाही नाही! एरवी पाणी दे, कूस बदल, नुसता जीव खातात. आज कसे शहाण्यासारखे..."

त्याची नजर लॅपटॉपला जोडलेल्या वायरीवर गेली. बटणही यूएसबीवरच होतं. खुर्ची पाडून तो धावला.



बाबांचा अंगठा अजून बटणावरच होता, घट्ट दाबलेला.