लाल फितीची पिन

उलटी मोजणी सुरू झाली आणि मामांनी सवयीने शर्टाच्या खिशात हात घातला. खिसा रिकामा!

अख्खा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. माणसांना अंतराळात नेणाऱ्या नव्या रॉकेटची आज चाचणी होती. आत कोणी बसलेलं नव्हतं. रॉकेट बिघडलंच, तर शेंड्यावरचं छोटं इंजिन केबिनला ओढून लांब नेतं की नाही, तेवढं बघायचं होतं. ते इंजिन भलत्या वेळी पेटू नये म्हणून त्याला एक पिन असते, लाल फीत लावलेली. ती शेवटी काढून खिशात ठेवायची, हे मामांचं काम.

काढली होती ना? शिडी आठवत होती, वर सुटलेला वारा आठवत होता. पिन मात्र काही केल्या आठवेना.

नियंत्रण कक्षात मंडळींचा उत्साह नुसता उतू चालला होता. खुर्च्या असून कोणी बसायला तयार नव्हतं. अशा वेळी रंगाचा बेरंग कोण करणार? मामांनी केला.

"थांबवा! अहो, थांबवा आधी!"

मोजणी थांबली. प्रमुख बाई वळल्या. "काय झालं, मामा?"

"पिन सापडत नाहीये, मॅडम. काढली की राहिली, शपथेवर सांगता येत नाही."

"झालं!" कोणीतरी कपाळाला हात लावला. मामा मटकन खुर्चीत बसले आणि टुणकन उठले. मागच्या खिशातली चष्म्याची केस टोचली होती. उघडली, तर आत पिन, फितीसकट. चष्मा मामांच्या नाकावर होता.

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. मोजणी पुन्हा सुरू झाली. रॉकेट उडालं, छोटं इंजिन पेटलं, केबिन सुटली आणि पॅराशूट उघडली. मग काय विचारता! माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली.

गर्दीतून एक तरुणी त्यांच्यापाशी आली. पुढच्या उड्डाणात त्या केबिनमध्ये तीच बसणार होती.

"उगाच खोळंबा केला बघ मी," मामा ओशाळून म्हणाले.

"मी आत असताना पण असंच ओरडाल?"

"म्हणजे काय! ओरडणारच."

तिने तिथेच फोन लावला.

"आई, उघडली गं पॅराशूट. आणि ऐक ना, इथे एक मामा आहेत..."