मागचा आवाज

निमगाव केतकीच्या ढवळे भावंडांची गाणी एकेकाळी इंदापूर तालुक्यात ज्याच्या त्याच्या मोबाईलवर वाजायची. ज्ञानेशदादा आणि राजनंदिनीताई पुढं उभे राहून गायचे. धाकटी रेश्मा मागून साथ द्यायची. तिचं नाव मात्र कधी कुणाच्या लक्षात राहिलं नाही. सात वर्षांपूर्वी तिनं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि माहेर तुटलं. आता ती बारामतीत गाण्याचा क्लास घेते.

परवा क्लासमधली श्रावणी हरखून आली. “मॅडम, ढवळे ग्रुपनं मला घेतलंय! मागच्या आवाजाच्या ओळी तेवढ्या बसवून द्या.”

रेश्मानं स्वतःच्याच ओळी तिला जीव लावून शिकवल्या. श्वास कुठं घ्यायचा, दादाचा सूर चढला की आपण कुठं थांबायचं, सगळं सांगितलं. पोरगी निघाली तेव्हा मात्र रेश्माला राहवलं नाही.

“ह्या ओळी आधी कोण गायचं, काही बोलले का गं ते?”



“व्हय की. धाकटी बहीण हुती त्यांची, आजारपणात गेली. दादा स्टेजवर सांगत्यात, तवा त्यांचं डोळं भरून येत्यात.”