अधिकृत जखमी

"संकटात या शहरातला एकही नागरिक एकटा नाही," अग्निशमन दलाचे साहेब भोंग्यातून म्हणाले. समोर एकच माणूस होता, तो म्हणजे हवालदार. पोलीस खात्यानं त्याला गर्दी आवरायला पाठवलं होतं आणि तो गर्दीची वाट बघत होता. त्यानं बांधलेल्या दोरीपलीकडे एक कुत्रं मात्र शिस्तीत बसलं होतं.

वर्षातून एकदा या इमारतीत सुटकेचा सराव व्हायचा. चौथ्या मजल्यावर आग लागली असं समजायचं, एका रहिवाशानं दाराला आतून कडी घालून खिडकीत अडकायचं, आणि दलानं त्याला शिडीच्या टोकाच्या पिंजऱ्यातून खाली आणायचं. अडकायचा मान दरवर्षी चौथ्या मजल्यावरच्या आजोबांचा. जवान त्यांना 'अधिकृत जखमी' म्हणत. आजी कधी पिंजऱ्यात बसल्या नाहीत. "माझ्या गुडघ्यांना नाही झेपायचं, त्यापेक्षा आग परवडली," असं म्हणून त्या घरातच राहायच्या.

यंदा आजोबा सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार होते. बेल वाजली. दारात मिशीवाला जवान, आणि त्याच्या खांद्यावर माणसाएवढा कापडी बाहुला. दलात या बाहुल्याला जावई म्हणत, कारण त्याला सगळ्यांनी उचलायचं आणि त्यानं काही करायचं नाही.

"आजोबा, यंदापासून जखमी हा. वरून हुकूम आलाय, जिवंत माणूस वापरायचा नाही."

"मग मी काय करू?"

"तुम्ही खाली खुर्चीत बसून निवांत बघा की."

"बघायचंच असेल तर ते मी रोज खिडकीतून बघतो."

जवानानं जावयाला खिडकीत टेकवलं, त्याची मान जरा सरळ केली, आणि "दार ओढून घ्या आणि या मागोमाग," म्हणून जिन्यानं खाली गेला. आजोबांनी दार ओढून घेतलं. मग आतून कडी घातली.

शिडी वर आली. पिंजरा खिडकीला लागला, तर खिडकीत आजोबा उभे, गळ्यापर्यंत बटणं लावून. जावई मागे आजींच्या खुर्चीत बसला होता. त्याच्या गुडघ्यांवर शाल होती.

"आजोबा, जखमी कुठाय?"

"हा काय, तुमच्यासमोर. तो बसलाय आत. त्याला काही झालेलं नाही."

जवानानं कमरेचा वॉकीटॉकी काढला. "साहेब, इथे दोघं आहेत."

खालून साहेबांचा आवाज आला. भाषण मध्येच तुटल्यानं तो जरा चिडलेला होता. "नियम माहीत नाही का? ज्याला जास्त लागलंय त्याला आधी आणा."

जवानानं जावयाकडे पाहिलं. मग आजोबांकडे पाहिलं. सदऱ्याला इस्त्री होती, पण फक्त पुढून. मागे कॉलर आत मुडपलेली राहिली होती, आणि ती बाहेर काढणारं घरात कोणी नव्हतं. जवानानं हात पुढे केला.

"या. सावकाश."

पिंजरा खाली टेकला. आजोबा ठरल्याप्रमाणे स्ट्रेचरवर आडवे झाले, दोन वेळा कण्हले आणि उठून बसले. हवालदारानं टाळ्या वाजवल्या. गर्दीनं टाळ्या वाजवल्या तर त्या आवरायच्या की नाही हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यानं स्वतःच वाजवून स्वतःच थांबवल्या. कुत्रं तेवढ्यात निघून गेलं.

"नागरिक आणि दल, दोघांचं एक कुटुंब आहे," साहेबांनी भोंग्यातून समारोप केला. मग भोंगा खाली करून विचारलं, "जावई कुठाय आपला?"

आग लागलेली असल्यानं लिफ्ट बंद होती. सगळे जिन्यानं वर गेले. साहेबांनी दार ढकललं. कडी आतून होती.

हवालदारानं सवयीनं बेल दाबली. बेल आत वाजली, घरभर फिरली आणि थांबली. चौघंही दार उघडायची वाट बघत उभे राहिले.

"आत कोण आहे?" हवालदारानं विचारलं.

"जावई," आजोबा म्हणाले.

"मग दरवर्षी आत कसे जायचात तुम्ही?"

"बेल वाजवून."

साहेबांनी भोंगा या हातातून त्या हातात घेतला. हवालदारानं टोपी काढली, आतून पुसली आणि परत घातली. शेवटी जवानच म्हणाला, "त्यात काय एवढं आजोबा. मी शिडीनं खिडकीतून आत जातो. जावयाला घेतो आणि आतून कडी काढतो. तुम्ही थांबा इथेच."

तो जिना उतरायला लागला. आजोबा कठड्यावरून वाकले.

"अहो, ऐका."

"काय, आजोबा?"

"कडी लगेच काढू नका. मी बेल वाजवतो, मग या." आजोबांनी हातानंच कॉलर चाचपली. "आणि येताना जरा गुडघे दुखत असल्यासारखे या."