समिती चहाला आली तेव्हा

यॉर्कशरमधल्या आमच्या गल्लीत नदी तिसऱ्यांदा घराघरांत शिरली, तरी सरकारने कबूल केलेली पूरभिंत कागदावरच होती. एवढा उशीर का होतोय, हे तपासायला संसदेची समिती थेट शेजारच्या आयरीनबाईंच्या घरी येणार असं ठरलं. तर बाईंनी काय करावं? चिखलाच्या खुणांवर रंग मारला, पुरापासून वाचवायला वरच्या मजल्यावर नेऊन ठेवलेला गालिचा खाली आणून अंथरला आणि केक भाजला.

"लपवताय कशाला? बघू दे की त्यांना," मी म्हटलं.

"पाहुणे यायचे आणि घर असं? शोभतं का?"

समितीच्या अध्यक्षांनी हळुवारपणे विचारलं, "फार हाल झाले असतील ना तुमचे?"

मी टेबलाखालून बाईंना पायाने ढोसलं.

"छे हो, चाललंय आमचं," बाई चहा ओतत म्हणाल्या. "लोकांचे याहून वाईट हाल आहेत. केक घ्या ना अजून."

हिवाळ्यात समितीने पूरभिंतीचं काम बघणाऱ्या खात्याच्या सचिवांना धारेवर धरलं, ते आम्ही दोघी बाईंच्या टीव्हीवर बघत होतो. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता.

सचिव शांतपणे म्हणाले, "तिथल्या रहिवाशांचं बरं चाललंय, असं आपल्याच समितीच्या भेटीच्या नोंदीत आहे. म्हणून त्या भिंतीचं काम आणखी पुढे ढकललं."

बाईंनी टीव्ही बंद केला.

"ठीक आहात ना?" मी विचारलं.



"चाललंय गं," त्या म्हणाल्या, आणि गालिच्याचं एक टोक माझ्या हातात दिलं.